चिकित्सा वेगळी, किरकिर वेगळी: बेसबॉलच्या चोखंदळ चाहत्यासाठी

नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये मॅनेजरने पिचर (बॉल टाकणारा) बदलला, नव्या पिचरला पहिल्याच बॅटरने डबल (चारपैकी दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) ठोकला आणि आघाडी गेली. शेजारीशेजारी बसलेले दोन चाहते एकदमच म्हणतात, "बदलायला नको होता." एकाची ती चिकित्सा असते, दुसऱ्याची किरकिर. शब्द तेच असल्यामुळे गफलत होते आणि त्यातून भलताच सल्ला निघतो: आनंदाने बघायचं असेल तर टीका सोडा. हा सल्ला चुकीचा आहे. खेळातली गोडी जाते ती किरकिरीने. चिकित्सेला खेळ बारकाईने बघावा लागतो आणि बेसबॉलमधली खरी मजा त्या बारकाव्यांतच आहे.

फरक ओळखायचा पहिला प्रश्न: हे मत बॉल पडण्याआधीचं की नंतरचं? निकाल कळल्यावर कुणालाही शहाणपण सुचतं.

2020 च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम लढतीची, सहावी मॅच, 27 ऑक्टोबर. चार मॅचेस आधी जिंकेल त्याचा किताब; डॉजर्स सिरीजमध्ये 3-2 ने पुढे, पण या मॅचमध्ये टॅम्पा बे रेजकडे 1-0 आघाडी. रेजचा पिचर ब्लेक स्नेल जबरदस्त फॉर्मात होता: 73 पिचेस (टाकलेले बॉल), 9 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर), एकही वॉक (चार बाहेरच्या बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस) नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट असताना डॉजर्सच्या ऑस्टिन बार्न्सने सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका) मारला. स्नेलविरुद्धचा तो फक्त दुसरा हिट, पण मॅनेजर केव्हिन कॅशने स्नेलला बाहेर काढून निक अँडरसनला आणलं. मूकी बेट्सचा डबल, मग वाइल्ड पिच (कॅचरच्या हाती न लागलेला भरकटलेला बॉल), मग पहिल्या बेसकडे जमिनीवरून गेलेला फटका, आणि डॉजर्स 2-1 ने पुढे. मॅच 3-1 ने संपली, किताब डॉजर्सना.

"कॅशने वर्ल्ड सिरीज घालवली" ही किरकिर. चिकित्सा इथे दोन पावलं जास्त चालते. बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे येतात तेव्हा पिचरची कामगिरी सर्वसाधारणपणे घसरते, हे जुनं निरीक्षण आहे. म्हणजे कॅशचा नियम वेडगळ नव्हता. पण पुढे येणारे तिघे, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्या दिवशी स्नेलसमोर सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट झाले होते. आणि अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) मॅचेसमध्ये प्रत्येक वेळी धाव दिली होती. म्हणजे आक्षेप नुसता "का काढलं" एवढा नाही, "काढून कोणाला आणलं" हाही आहे. तो बेट्सने बॅट फिरवण्याआधीच घेता येत होता. शिवाय रेजच्या बॅटर्सनी अख्ख्या मॅचमध्ये एकच धाव काढली, ही बाब किरकिऱ्याच्या हिशोबात येतच नाही. त्याला एक आरोपी पुरतो.

दुसरा प्रश्न: पर्याय सांगता येतो का, आणि त्याची किंमत? सॅक्रिफाइस बंट घ्या: बॅटर बॉल हळूच जवळ टाकून स्वतः आउट होतो, पण बेसवरचा खेळाडू एक बेस पुढे सरकतो. पहिल्या बेसवर खेळाडू आणि शून्य आउट असताना त्या इनिंगमध्ये सरासरी साधारण 0.86 धावा अपेक्षित असतात. बंट करून त्याला दुसऱ्या बेसवर नेलं आणि एक आउट दिला, की हाच आकडा 0.67 च्या आसपास उतरतो. म्हणून तिसऱ्या इनिंगमधल्या बंटवर नाक मुरडणं रास्त. पण एवढं एक गणित पाठ करून प्रत्येक बंटला शिव्या घालणाऱ्यांची जमात वेगळीच! नवव्या इनिंगमध्ये बरोबरी आहे, यजमान संघाला एकच धाव हवी आहे, तेव्हा सरासरी धावांना अर्थ उरत नाही. निदान एक धाव निघण्याची शक्यता बघायची, आणि ती बंटनंतर फार घटत नाही. नियमित सीझनमध्ये दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर खेळाडू आपोआप उभा असतो. तिथे शून्य आउटवर त्याला तिसऱ्या बेसवर नेणारा बंट तर ती शक्यता थोडी वाढवतोच. बंट तोच, पण परिस्थिती बदलली की निवाडाही बदलतो.

बॅटरच्या फॉर्मबद्दल बोलताना हात जरा आखडता घ्यावा. .300 बॅटिंग ॲव्हरेजचा बॅटर उत्तम समजला जातो, म्हणजे दहापैकी सात वेळा तो अपयशी ठरतो. चार संधींत एकही हिट नाही, असं त्याच्या बाबतीत निव्वळ योगायोगाने 24 टक्के वेळा घडेल. बारा संधींत एक किंवा शून्य हिट, हेही शंभरात आठ-नऊ वेळा. 162 मॅचेसच्या सीझनमध्ये असे वाईट तीन दिवस कित्येकदा येणार. त्यांच्यावरून "हा संपला" म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. तक्रार करायचीच तर स्ट्राइक झोनबाहेरच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेरच्या) बॉलवर तो किती बॅट फिरवतो ते बघा, स्ट्राइकआउटचं प्रमाण बघा. ते साठेक बॅटिंगनंतर बऱ्यापैकी खरं चित्र दाखवू लागतं. बॅटिंग ॲव्हरेजला शेकडो लागतात.

अंपायरच्या बाबतीत थोडक्यात: टीव्हीवर दिसणाऱ्या या चौकटीच्या कडेला नुसता चाटून गेलेला बॉलही स्ट्राइक असतो. आधी ते बघावं, मग ओरडावं.

टीका कोणावर, हाही मोठा फरक. 13 जून 2023 ला ओकलंड ए'ज संघाच्या चाहत्यांनी एरवी ओस पडणाऱ्या कोलिझियम या घरच्या स्टेडियममध्ये 27,759 जणांची गर्दी केली. मालकाने संघ लास वेगासला न्यायचा घाट घातला होता, त्याविरुद्धचा हा "रिव्हर्स बॉयकॉट". हिरव्या टी-शर्टांवर "सेल" (विका), स्टेडियमभर "सेल द टीम"चा (संघ विका) घोष. आणि ओकलंड ए'जने रेजना 2-1 ने हरवलं तेव्हा जल्लोषही त्याच गळ्यांतून. रोष मालकावर होता, टाळ्या खेळाडूंसाठी. त्या सीझनमध्ये हा संघ 112 मॅचेस हरला आणि 2024 नंतर ओकलंड सोडूनही गेला. चाहत्यांची मागणी मान्य झाली नाही, पण त्या संध्याकाळी राग आणि आनंद एकाच वेळी खरे होते. किरकिऱ्याला हे जमत नाही: त्याचा मालकावरचा राग शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) डोक्यावर फुटतो.

हातात धरण्यासारखा उपाय म्हणजे स्कोअरकार्ड. पेन्सिलने, जुन्या पद्धतीचं. प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6, आउटफील्ड डावीकडून 7, 8, 9. "6-4-3" लिहिलं की डबल प्लेचा (एकाच फटक्यावर दोन आउट) सगळा प्रवास कागदावर येतो. स्ट्राइकआउटची खूण K; बॅट न फिरवता झाला तर K उलटा. आता यातच टीकेची जागा ठेवायची: मॅनेजरचा निर्णय पटला नाही तर पुढचा बॉल पडण्याआधी चौकोनाच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह आणि तुमचा पर्याय दोन शब्दांत. पिच क्लॉक (पिचरने बॉल टाकण्यासाठीचं घड्याळ) बेस रिकामे असताना 15 सेकंदांचं, खेळाडू बेसवर असताना 18; तेवढ्यात जास्त लिहून होतही नाही. पिचर बदलताना मात्र दोन मिनिटं मिळतात, तेव्हा नव्या पिचरबद्दलचं मत आधीच नोंदवा.

बिघडतं कुठे? प्रश्नचिन्हं तीस झाली, तर तुम्ही मॅच बघत नाही, खोड्या काढताय. सगळी एकाच खेळाडूच्या रांगेत आली, तर बळीचा बकरा ठरलाय. मॅचभर फोनवर विजयाच्या शक्यतेचा आलेख उघडा असेल, तर प्रत्येक बॉल धोका वाटू लागतो आणि सेंटर फील्डरने बॅटचा आवाज येताच टाकलेलं पहिलं पाऊल नजरेतून सुटतं.

मॅच संपल्यावर पर्याय न लिहिलेली प्रश्नचिन्हं खोडून टाका. जिंकलेल्या मॅचमधली तेवढी ठेवा. ती सर्वांत भरवशाची, कारण त्यांना निकालाने फूस दिलेली नसते. पुढची मॅच बहुधा दुसऱ्याच दिवशी असते, तेव्हा पहिला बॉल पडायच्या आत आदल्या दिवसाचा वाद मिटवावा. दर महिन्याला जुनी कार्डं शेजारी ठेवून बघा. तोच पिचर, डावखुऱ्या बॅटरसमोर, आघाडी एका धावेची, आणि तेच प्रश्नचिन्ह पाच-सहा कार्डांवर दिसलं, की मॅनेजरविरुद्ध तुमच्याकडे खरोखर मुद्दा आहे.