पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील एचआयव्ही संशोधनाचे जाळे आणि त्यातले खानदेश

महाराष्ट्रातील एचआयव्हीविषयक संशोधनाचा विषय निघाला की पुणे आणि मुंबई ही दोनच नावे पुढे येतात, आणि त्यामागची कारणे इतिहासात आहेत. १९८६ साली चेन्नईत तपासलेल्या रक्तनमुन्यांतून देशात एचआयव्हीचा शिरकाव झाल्याचे प्रथम सिद्ध झाले आणि त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या पहिल्या रुग्णाची नोंद झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पुण्याजवळ भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात आधीपासून होती, ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही होते, त्यामुळे विषाणूशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा आणि रुग्ण हे तिन्ही तेथे एकाच शहरात मिळत होते. ‘नारी’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या संस्थेभोवती राज्यातील संशोधन गोळा होत गेले ते असे.

या केंद्रीकरणाने मोठे काम उभे राहिले, हे आधी मान्य केले पाहिजे. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९३ पासून येणाऱ्या रुग्णांचा नारीच्या संशोधकांनी पद्धतशीर अभ्यास केला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहितेलाही लागण होते, हे त्या अभ्यासाने आकड्यांनिशी मांडले, आणि ‘हा आपल्या घरातला आजार नाही’ या समजुतीला वैज्ञानिक आधार उरला नाही. पुढे उपचार वेळेत सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण किती टळते हे पाहणाऱ्या, नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या चाचणीतही पुणे सहभागी होते. २०११ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत ही घट ९६ टक्के दिसली.

या सगळ्यात धुळे, जळगाव आणि नंदुरबार कोठे होते? रोगाच्या वाटेवर खानदेश पहिल्यापासून होता. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, आणि तेथून तापीकाठाने जाणारा लोहमार्ग नंदुरबारवरून सुरतेला पोहोचतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि डोंगरातल्या तालुक्यांतून भिल्ल, पावरा कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. संशोधन करणाऱ्या संस्था मात्र येथे नव्हत्या. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, पण खानदेशापुरते बोलायचे तर धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय हे दीर्घकाळ एकमेव शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होते. जळगावला ते २०१८ मध्ये मिळाले आणि नंदुरबारला २०२० मध्ये.

तरीही जिल्हे आणि पुणे यांच्यात एक नाते जुळले, ते प्रहरी सर्वेक्षणातून, म्हणजे निवडक केंद्रांवर ठरावीक काळात नमुने तपासून लागणीचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीतून. १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था अस्तित्वात आली आणि त्याच सुमारास हे सर्वेक्षण देशभर पद्धतशीर सुरू झाले. त्याची रीत साधी होती. निवडलेल्या केंद्राच्या प्रसूतिपूर्व तपासणी विभागात ठरावीक तीन महिन्यांत पहिल्यांदा येणाऱ्या ४०० गर्भवतींचे नमुने, कोणालाही न वगळता, ओळीने घ्यायचे. इतर तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातलाच उरलेला भाग नाव काढून टाकून तपासला जाई. पश्चिम विभागाचे पर्यवेक्षण नारीकडे होते आणि चाचण्यांची गुणवत्ता राखण्याच्या राष्ट्रीय व्यवस्थेतही तीच शिखर प्रयोगशाळा होती. म्हणजे जिल्हा रुग्णालयातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ, राज्यातली संदर्भ प्रयोगशाळा आणि भोसरीचे शास्त्रज्ञ एका नियमपुस्तिकेने बांधले गेले. राज्यभर पसरलेले पहिले खरे सहकार्य माझ्या मते हेच, जरी त्या काळी कोणी त्याला संशोधन-सहकार्य म्हटले नसेल.

त्याची मर्यादाही येथूनच दिसते. सुरुवातीच्या वर्षांत हे सर्वेक्षण पावसाळ्याच्या उत्तरार्धात होई, नंतरच्या फेऱ्या जानेवारी ते मार्च या काळात झाल्या. जानेवारी ते मार्च म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतून टोळीबरोबर गेलेली गर्भवती त्या महिन्यांत गुजरातेतल्या एखाद्या पडावावर असते, नंदुरबारच्या रांगेत नसते. त्यामुळे आकडा किती बदलतो हे अभ्यासाशिवाय सांगता येणार नाही, परंतु हा अभ्यास करायला हवा हे सुचण्यासाठी मुकादम उचल कधी देतो आणि गाडी कधी भरते हे ठाऊक असावे लागते. ते पुण्यातल्या सांख्यिकीतज्ज्ञाला सहजी ठाऊक असणार नाही आणि तालुक्याच्या समुपदेशकाला असते. मात्र समुपदेशकाचे काम रकाने भरून वर पाठवण्याचे ठरलेले होते, प्रश्न विचारण्याचे नाही.

एकाच स्रोतावर विसंबल्याने केवढा फरक पडतो, हे २००७ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. २००५–०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच घरोघरच्या लोकसंख्येतून एक लाखाहून अधिक व्यक्तींचे रक्त तपासले गेले. देशाचे प्रमाण ०.२८ टक्के आणि महाराष्ट्राचे ०.६२ टक्के आले. दवाखान्यांतील सर्वेक्षण आणि ही पाहणी एकत्र ठेवल्यावर देशातील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांहून सुमारे पंचवीस लाखांवर आला. विषाणूशास्त्रज्ञ, लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि क्षेत्रावर काम करणारे एका टेबलाभोवती बसले म्हणून ही दुरुस्ती शक्य झाली.

त्यानंतरच्या टप्प्यात जिल्हा हा घटक महत्त्वाचा झाला. जिल्ह्यांची वर्गवारी झाली, जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथके, म्हणजे ज्यांना सगळे ‘डापकू’ म्हणतात ती, नेमली गेली. १ एप्रिल २००४ पासून मोफत सुरू झालेले एआरटी उपचार, म्हणजे विषाणूला आवर घालणारी औषधे, मुख्य केंद्राशी जोडलेल्या छोट्या ‘लिंक’ केंद्रांमार्फत तालुक्यांपर्यंत नेण्यात आले. बाधित मातेच्या बाळाची तपासणीही जिल्ह्यातून होऊ लागली, आणि त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन गाळणकागदावर सुकवतात आणि तो कागद दूरच्या प्रयोगशाळेत पाठवतात. शीतपेटी लागत नाही, रस्ता लांबला तरी नमुना टिकतो. अशा तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळांत नारीही होती. सातपुड्यातल्या बाळासाठी संशोधन संस्थेचे दार या कागदाने उघडले.

औषधे घेणाऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या, तशी संशोधनाची सामग्री जिल्ह्यांतच तयार झाली. २०१९ च्या अंदाजानुसार राज्यात ३.९६ लाख एचआयव्हीबाधित होते, देशात सर्वाधिक. इतक्या माणसांच्या दीर्घ उपचाराचा अभ्यास दोन शहरांतून होणे अशक्य आहे. मात्र अनेक केंद्रांच्या अभ्यासात प्रत्येक ठिकाणच्या नैतिक समितीची स्वतंत्र मंजुरी मिळवताना महिने जातात. आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा अभ्यासांसाठी सामाईक परीक्षणाची, म्हणजे सर्व केंद्रांसाठी मिळून एकाच परीक्षणाची, तरतूद आहे, आणि नव्या महाविद्यालयांना तिचा मोठा उपयोग आहे. सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली. ती योग्यच आहे, पण संमतीपत्र प्रमाण मराठीत आणि ऐकणारी बाई पावरी किंवा अहिराणी बोलणारी असेल, तर नुसत्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही. तिच्या बोलीत समजावणारा माणूस अभ्यासाच्या चमूत पहिल्या दिवसापासून असावा लागतो, आणि त्याचे नाव शोधनिबंधातही यावे, हे मी आग्रहाने म्हणतो.

राज्यापुरते जाळे विणले तरी खानदेशाचा एक धागा बाहेर जातोच. नंदुरबारला नोंदवलेला ऊसतोड कामगार हंगामाचे पाच-सहा महिने गुजरातेत गोळ्या घेतो, कधी त्या संपतात, आणि आपल्या वहीत तो ‘उपचार सोडलेला’ म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. त्याने उपचार खरोखर सोडले की तो दुसऱ्या केंद्रावर गेला, हे शोधायला नंदुरबारच्या डॉक्टरांना पुण्याइतकाच सुरतेचा सहकारी लागतो.