सामान लादल्यावर सायकल डगमगते, त्याविषयी

लांबच्या दौऱ्याची तयारी करणाऱ्या अनेक ग्राहकांची तक्रार एकच असते: सामान बांधले की सायकल डुलते आणि उतारावर वेग वाढला की हँडल थरथरू लागते, तेव्हा हेडसेट (हँडल ज्यावर फिरते ते फ्रेममधील बेअरिंग) आवळून चाकांचा आउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) काढून द्यावा. सायकल मात्र रिकामी आणलेली असते. रिकाम्या सायकलीवर हा दोष बहुधा दिसतच नाही, आणि गरज नसताना हेडसेट आवळला तर हँडल जड होऊन सायकल सरळ ठेवणे उलट अवघड जाते. म्हणून तपासणीसाठी सायकल पूर्ण सामानासह आणावी असा आमचा आग्रह असतो. काहींना ती अडवणूक वाटते. परंतु दोष बव्हंशी सायकलीत नसून सामानाच्या रचनेत सापडतो.

चालवणाऱ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार मुळातच मागच्या चाकावर असतो. त्यात सगळे सामान मागच्या कॅरिअरवर, तेही उंच रचले, तर प्रत्येक पॅडलसरशी ते डावीउजवीकडे झुलते, फ्रेम किंचित पिळली जाते आणि तो पीळ हँडलपर्यंत पोहोचतो. चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते, आणि मागच्या चाकाचे स्पोक तुटू लागतात ते वेगळेच.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक दिसायला अगदी किरकोळ आहे. पॅडल मारताना टाच बॅगेला लागते, म्हणून ग्राहक बॅगेचे हूक कॅरिअरवर मागे सरकवतात. टाच सुटते, पण बॅगेचे वजन मागच्या ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) पलीकडे जाते आणि तेथून ते पुढचे चाक उचलू पाहते. त्याऐवजी बॅगेचा खालचा कोपरा मागे झुकेल अशी ती तिरकी लावावी, आणि टाच जेमतेम सुटेल इतकीच मागे घ्यावी. तेवढ्याने भागले नाही, तर अधिक लांब कॅरिअर बसवणे हाच खरा उपाय आहे.

अवजारे, पाणी, शिधा, स्टोव्हचे इंधन अशा जड वस्तू बॅगेच्या तळाशी आणि फ्रेमकडच्या बाजूला ठेवाव्यात. कॅरिअरच्या माथ्यावर स्लीपिंग बॅगेसारखे हलके सामानच बांधावे. पुढच्या बॅगा चाकाच्या ॲक्सलच्या उंचीच्या आसपास टांगल्या, तर हँडल थोडे जड वाटते खरे, पण सायकल स्थिर चालते. दोन्ही बाजूंचे वजन मात्र काट्यावर तोलून सारखे करावे. हँडलवरच्या बॅगेत कागदपत्रे आणि कॅमेरा पुरे, कारण तेथील प्रत्येक किलो हँडलबरोबर वळतो.

रचना बरोबर असूनही थरथर राहिली, तर बॅग खालच्या कडेला धरून हलवून पाहावी. ‘खट्’ असा आवाज आला, तर हूक आणि कॅरिअरची नळी यांत फट आहे. हुकात योग्य मापाची पट्टी घातली की ती भरून निघते. कॅरिअरचे बोल्ट, जे बहुधा ५ मिलिमीटरचे असतात, पहिल्या दिवसाच्या प्रवासानंतर पुन्हा आवळावेत. कॅरिअरवर छापलेली भारमर्यादा, जी मागच्या अनेक कॅरिअरवर २५ किलो असते, सूचना म्हणून नव्हे तर मर्यादा म्हणूनच पाळावी.

उतारावर थरथर सुरू झालीच, तर हँडल करकचून धरू नये आणि एकदम ब्रेकही दाबू नये. सीटवरून किंचित उठावे, एक गुडघा फ्रेमच्या वरच्या नळीला टेकवावा आणि वेग हळूहळू कमी करावा.

पुढचे कॅरिअर आम्ही विकतो, परंतु आधी सामानाची फेरमांडणी करून पाहतो; पुष्कळदा खरेदीची गरजच उरत नाही. ज्यांना गरज असते त्यांना फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) मापाचे कॅरिअर बसवून, भरलेल्या सायकलीवर फेरी मारूनच सायकल हाती देतो. ज्या कार्बन फोर्कला कॅरिअरसाठी आटे (बोल्ट बसवण्याची छिद्रे) नाहीत, त्यावर पट्टा आवळून कॅरिअर बसवण्याचे काम आम्ही कितीही आग्रह झाला तरी घेत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी न येता किमान आठवडाभर आधी यावे, म्हणजे बदल करून पुन्हा चाचणी घेण्यास अवधी मिळतो.