नाणं खानाचं, नाव मेलेल्या खलिफाचं

अंगठ्याच्या नखाएवढी चांदीची चकती, वजन दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या आजच्या एक रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मं. दोन्ही बाजूंना अरबी अक्षरं, तीही बऱ्याचदा अर्धी चकतीबाहेर गेलेली, कारण खाली एक ठसा, मध्ये चांदी, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा एक घाव, नेम चुकला की अक्षर गेलंच. हे गोल्डन होर्डचं नाणं, म्हणजे चंगीझखानाचा नातू बातू याने व्होल्गा नदीच्या काठी जे मंगोल राज्य उभं केलं, त्याचं.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते त्यावरचं नाव. मंगोलांनी 1236 मध्ये व्होल्गाकाठचं बुल्गार घेतलं आणि पुढे तिथे नाणी पाडायला लागले, पण सुरुवातीच्या नाण्यांवर नाव कुणाचं, तर बगदादचा खलिफा अल-नासिर याचं, जो 1225 मध्येच वारला होता! आता मेलेल्या माणसाचं नाव का? तर लोकांचा त्या नावावर विश्वास होता, आणि बाजारात नाणं चाललं पाहिजे ना. आपल्याकडे तरी काय वेगळं, पेशवाईत पुण्याच्या अंकुशी रुपयावरही नाव दिल्लीच्या शाह आलमचंच असायचं.

मग बुल्गारच्या नाण्यांवर मंगोलांचा बडा खान मोंगके आला, मग अरिक बोके, जो कुबलाईखानाशी बड्या खानाच्या गादीसाठी भांडत होता. म्हणजे व्होल्गावाले त्या भांडणात कुणाच्या बाजूने होते ते नाणंच सांगून टाकतं. स्वतःचं नाव टाकायची हिंमत (की गरज?) 1266 मध्ये गादीवर आलेल्या मेंगू-तिमूरने दाखवली, सोबत घराण्याची खूण, तिला तमगा म्हणतात.

1310-11 मध्ये तोख्ता खानाने जुनी वेगवेगळी नाणी बाजूला सारून सराई या राजधानीचं एकच नाणं चालवलं, आणि टांकसाळ हा कमाईचा धंदाही होताच. फ्लोरेन्सचा पेगोलोत्ती 14व्या शतकात व्यापाऱ्यांसाठी लिहून ठेवतो की डॉन नदीच्या मुखाजवळ तानाला चांदीची लगड, तिला सोम म्हणायचे, टांकसाळीत दिली की 202 नाणी पाडतात पण हातात 190 च देतात, बाकीची 12 खर्च आणि नफा म्हणून त्यांच्याकडे. जवळपास 6 टक्के बट्टा! आणि या चांदीत घेता काय यायचं? 14व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता सांगतो, 50-60 दिरहमला (म्हणजे याच चांदीच्या नाण्यांना) चांगला घोडा. तेच घोडे कळपाने हिंदुस्थानात यायचे आणि कितीतरी पट भावाने विकले जायचे.

1359 नंतर सगळा गोंधळ, वीस वर्षांत वीसच्या वर खान. यातले काही जण आपल्याला मुख्यतः नाण्यांवरूनच माहीत आहेत, आणि इथे अभ्यासकांची ट्रिक कामाला येते: एकच ठसा दोन नाण्यांवर वापरलेला दिसला, पण दुसऱ्यावर तो जास्त झिजलेला किंवा तडकलेला असला, की आधी कुठलं आणि नंतर कुठलं ते कळतं, शिवाय पुरून ठेवलेल्या गाडग्यात सगळ्यात नवं नाणं ज्या सालाचं, त्याच्या आधी ते पुरलेलं नाही हे पक्कं. मामाई नावाचा सरदार खरा मालक होता पण चंगीझखानाच्या वंशातला नव्हता, म्हणून नाण्यावर त्याला नाव टाकता येईना, त्याने बाहुली खान बसवले. आणि हिजरी 773 मध्ये, म्हणजे 1371-72 ला, नाण्यावर चक्क एका बाईचं नाव येतं, तुलुन बेग खानम!

मामाईला 1380 मध्ये मॉस्कोच्या दिमित्रीने हरवलं, पण दोनच वर्षांत तोख्तामिश खानाने मॉस्को जाळलं. त्यानंतर मॉस्कोच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला राजा दिमित्री आणि दुसऱ्या बाजूला अरबीत तोख्तामिशचं नाव. ठसा कोरणाऱ्याला बहुतेक अरबी येत नसावं, कारण पुढे पुढे ती अक्षरं नुसती नक्षी होत जातात, वाचताच येत नाहीत. पण नाण्याचं देंगा हे नाव मात्र रशियनांनी पूर्वेकडूनच उचललं, आजही तिथे पैशाला देंगीच म्हणतात.