घर मॉन्युमेंट की गाव संरक्षित? जुन्या डच खेड्यात घर घेताना होणारी गल्लत

ब्रूक इन वाटरलांद हे गाव अ‍ॅमस्टरडॅमपासून साधारण 10 किलोमीटरवर, उत्तरेला. शहरातून बस धरली की वीसेक मिनिटांत पाण्याकाठची फिकट राखाडी लाकडी घरं दिसायला लागतात. आम्स्टेलफेनमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याबरोबर मी तिथं दोन घरं बघायला गेलो होतो. दोन्ही एकाच गल्लीत, मध्ये फक्त चार घरं. पहिल्या घराचा मकेलार, म्हणजे विकणाऱ्याचा एजंट, म्हणाला, "गाव संरक्षित आहे, पण घर मॉन्युमेंट नाही." दुसऱ्या घराचा म्हणाला, "हे राइक्समोन्युमेंट आहे." बाहेर आल्यावर मित्र मला म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे कशाला हात लावायचा नाही, एवढंच ना?"

ही गल्लत मी इतक्या जणांची होताना पाहिली आहे की आता सविस्तर लिहावंसं वाटतं. कारण त्या दोन वाक्यांत भिंतीचा, खिडक्यांचा आणि पैशाचा हिशोब पूर्ण बदलतो.

राइक्समोन्युमेंट म्हणजे देशाच्या नोंदवहीत स्मारक म्हणून चढलेली वास्तू. नेदरलँड्समध्ये अशा वास्तू 60 हजारांहून जास्त आहेत आणि त्यांत किल्ले, चर्च, पवनचक्क्या जशा आहेत तशीच लोकांची राहती घरंही आहेत. संरक्षण त्या एका घराला मिळतं, आणि ते छपरापासून पायापर्यंत, आतल्या तुळया-जिन्यांसकट.

दुसरा प्रकार 'बेस्खेर्म्ड डोर्प्सखेझिख्त'. मराठीत 'संरक्षित गावदृश्य' म्हणू. पण डचमध्ये 'खेझिख्त' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, दृश्य आणि चेहरा. हा दुसरा अर्थ लक्षात ठेवला की नियम आपोआप समजतो: इथं सांभाळला जातो तो गावाचा चेहरा. गल्लीची वळणं, कालवे, घरांमधल्या मोकळ्या जागा, छपरांचे उतार, रस्त्याकडेच्या दर्शनी भिंती. त्या चेहऱ्यामागं तुमच्या स्वयंपाकघरात काय चाललंय याच्याशी या नियमाला घेणंदेणं नाही.

दोन्ही गोष्टी 1961 च्या स्मारक कायद्यातून आल्या, म्हणूनही त्या एकच वाटतात. आज स्मारकांची नोंद 2016 पासून लागू असलेल्या वारसा कायद्याखाली होते, तर गावाच्या चेहऱ्याची राखण मुख्यतः नगरपालिकेच्या, म्हणजे खेमेन्तेच्या, जागा-वापराच्या आराखड्यातून होते. परवान्यांचे नियम 1 जानेवारी 2024 पासून दोन्हींसाठी एकाच नव्या कायद्यात आले आहेत. अर्ज एकाच ऑनलाइन खिडकीवर करायचा म्हटल्यावर माणसाचा गोंधळ वाढणारच. त्यात एखादं घर एकाच वेळी दोन्ही असू शकतं. संरक्षित गावात उभं असलेलं राइक्समोन्युमेंट, जसं आमचं दुसरं घर होतं.

आता त्या दुसऱ्या घरात चला. पुढच्या खोलीत भिंतीत एक कपाट होतं. वहिनींनी दारं उघडली तर आत पलंग: लाकडी फळ्या, छत डोक्याला लागेल इतकं खाली, लांबी माझ्या उंचीपेक्षा कमी. याला बेडस्टे म्हणतात. थंडीत ऊब टिकावी म्हणून लोक अशा बंद कप्प्यात झोपत. शेजारच्या शेकोटीभोवती निळ्या-पांढऱ्या फरशा होत्या. काहींचे कोपरे उडालेले, एकीवर मासे पकडणारा छोटा माणूस. वहिनी त्या फरशीवरून बोट फिरवत होत्या आणि मित्र टेप काढून बेडस्टे किती खोल आहे ते मोजत होता. त्याला तिथं मुलीच्या अभ्यासाचं टेबल बसवायचं होतं.

या घरात तो बेडस्टे काढायला परवाना लागेल, आणि असा मूळचा बेडस्टे काढायला परवाना मिळेल असं धरून कुणी घर घेऊ नये. चार घरं पलीकडच्या पहिल्या घरात अगदी तसाच बेडस्टे असता, तर तो उद्या काढून टाकला तरी चाललं असतं. तिथल्या मालकानं खरोखरच मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं केलं होतं आणि जमिनीखालून हीटिंग फिरवलं होतं. त्याला वारशाच्या नावाखाली कुणी अडवलं नाही. भार घेणारी भिंत पाडताना बांधकामाचे नियम पाळावे लागतात, पण ते देशातल्या कुठल्याही घराला लागू आहेत.

यातला एक गैरसमज फार महागात पडतो. राइक्समोन्युमेंटच्या नोंदीत घराचं छोटंसं वर्णन असतं. जुन्या नोंदींत ते अवघ्या एक-दोन ओळींचं असतं: लाकडी दर्शनी भिंत, अमुक शतक, तमुक छप्पर. खरेदीदार ते वाचतो आणि म्हणतो, "यात जिन्याचा उल्लेख नाही, म्हणजे जिना बदलता येईल." तसं नाही. ते वर्णन मुख्यतः घर ओळखता यावं म्हणून लिहिलेलं असतं. संरक्षण अख्ख्या वास्तूला असतं, उल्लेख असो वा नसो. आतल्या ज्या भागाला वारसामूल्य उरलेलंच नाही, उदाहरणार्थ 1980 साली घातलेली जिप्समची भिंत, ती परवान्याविना काढता येते. पण कशाला मूल्य आहे हे आपलं आपण ठरवू नये, आधी खेमेन्तेच्या वारसा अधिकाऱ्याशी बोलावं. माझ्या अनुभवात ही माणसं मनापासून मदत करतात.

बाहेरच्या बाजूला मात्र दोन्ही घरांचे नियम बरेच जवळ येतात. पुढच्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवायच्या म्हटलं तर पहिल्या घरालाही परवाना लागेल आणि तो बहुधा मिळणार नाही. रस्त्यावरून दिसणाऱ्या छपरावर सौर पॅनेल लावायचे असतील तरी अर्ज करावा लागतो. फरक पडतो तो मागच्या बाजूला. संरक्षित गावातल्या साध्या घराची मागची भिंत, मागचं छप्पर किंवा परसातली शेड सार्वजनिक जागेकडून दिसत नसेल, तर अटी पाळून बरीच कामं परवान्याविना करता येतात. राइक्समोन्युमेंटला पुढची-मागची बाजू असा भेद नाही. तिथं परवान्याविना होते ती नेहमीची देखभाल, तीही त्याच प्रकारच्या साहित्यात, त्याच आकारात, त्याच रंगात. एकेरी काचेच्या जागी इन्सुलेशनची काच बसवायची तरी आधी विचारायचं. जुन्या चौकटीत मावेल अशी पातळ काच किंवा आतून दुसरी खिडकी, असे मार्ग त्यातून निघतात.

आता पैसा. राइक्समोन्युमेंट असलेल्या राहत्या घराच्या देखभालीला सरकार मदत करतं. पूर्वी हा खर्च आयकरात वजा होत असे. 2019 पासून ती सोय गेली आणि अनुदान आलं. मान्य देखभाल खर्चाच्या 38 टक्के. आधी पदरमोड करायची आणि पुढच्या वर्षी अर्ज करायचा, म्हणून पावत्या जपून ठेवायच्या. नव्या बाथरूमला यातून काही मिळत नाही. सडलेली फळी, छपराची कौलं, रंगकाम यांना मिळतं. शिवाय राष्ट्रीय जीर्णोद्धार निधीकडून कमी व्याजाचं कर्ज मिळू शकतं. गाव संरक्षित पण घर मॉन्युमेंट नाही, अशा घरांना हे अनुदान नाही. एखादी खेमेन्ते स्वतःची छोटी योजना ठेवते, तेवढीच. म्हणजे मॉन्युमेंटमध्ये बंधनं जास्त आणि मदतही जास्त. दुसरीकडं आत मोकळीक, पण पुढची लाकडी भिंत रंगवायचा सगळा खर्च तुमचा.

मध्ये एक तिसरा प्रकारही आहे, खेमेन्तेचं स्वतःचं स्मारक. त्याचे नियम गावागणिक बदलतात आणि सरकारी 38 टक्के त्यालाही मिळत नाहीत. एजंट नुसतं "मॉन्युमेंट" म्हणाला तर कुणाचं, देशाचं की खेमेन्तेचं, हे तिथल्या तिथं विचारा. दारावर स्मारकाची खूण असलेली निळी-पांढरी ढाल दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, ती लावणं सक्तीचं नाही. राष्ट्रीय नोंदवही ऑनलाइन आहे, पत्ता टाकला की उत्तर मिळतं.

आणखी दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. मागच्या मालकानं परवान्याविना केलेला बदल घराबरोबर तुमच्या गळ्यात येऊ शकतो. खेमेन्ते पूर्ववत करायला सांगते ते आजच्या मालकाला. म्हणून राइक्समोन्युमेंट घेताना जुन्या कामांचे परवाने मागा. जुन्या वास्तू तपासणाऱ्या, 1973 पासून काम करणाऱ्या मोन्युमेंटनवाख्त या संस्थेचे तपासणी अहवाल असतील तर तेही मागा. त्यांची माणसं छपरावर चढून, पोटमाळ्यात रांगून घर तपासतात, आणि सलग काही वर्षांचे अहवाल वाचले की मालकानं घराची काळजी घेतली की नाही हे लख्ख कळतं. दुसरी गोष्ट करारातली. जुन्या घरांच्या करारात बहुधा एक 'वयाचं कलम' घालतात: घर जुनं आहे, नव्या घराच्या दर्जाची अपेक्षा धरू नये. सही केली की पुढं कुजका पाया निघाला तरी भांडणं अवघड. वाटरलांदची जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, मऊ. तिथं हलकी लाकडी घरं बांधली गेली त्याचं एक कारण हेच. तेव्हा तज्ज्ञाकडून तपासणी आणि 'तपासणीत मोठा दोष निघाला तर करार रद्द' ही अट, या दोन्ही गोष्टी दोन्ही घरांना हव्याच. सहीनंतर विचार बदलायला कायद्यानं फक्त 3 दिवस मिळतात.

ब्रूकमध्ये जुन्या काळी घराचं पुढचं दार लग्नाला आणि मयताला तेवढं उघडायचे, एरवी सगळी ये-जा बाजूच्या दारानं, असं सांगतात. दुसऱ्या घराला तसं दार अजून आहे. एजंटनं आम्हाला बाजूनंच आत घेतलं होतं. परतीच्या बसमध्ये मित्र पहिल्या घराच्या स्वयंपाकघराबद्दल बोलत राहिला आणि वहिनी त्या फरशीवरच्या मासे पकडणाऱ्या माणसाबद्दल. घरी पोचायच्या आत त्यांनी दुसऱ्या घराच्या एजंटला मेल टाकला: मोन्युमेंटनवाख्तचे गेल्या 10 वर्षांतले अहवाल आणि छपराच्या कामाचा परवाना पाठवाल का? टेबल कुठं बसवायचं ते नंतर बघू, असं मित्र म्हणाला.