आरोग्यसेवेतील नेतृत्व आणि सर्जनशीलता

रुग्णसेवेत अडलेल्या कामाला नवी वाट काढणे आणि ती वाट इतरांच्याही अंगवळणी पाडणे, असा या विषयाचा आवाका आहे. युक्ती बहुधा रुग्णापाशी सर्वांत जास्त वेळ असणाऱ्याला सुचते, म्हणजे परिचारिकेला, तंत्रज्ञाला, मदतनिसाला. ती मान्य करण्याचा अधिकार मात्र वरच्यांकडे असतो. सगळा पेच इथेच आहे.

नवजात बाळांच्या काविळीवरील प्रकाशोपचार हे याचे बोलके उदाहरण. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळणाऱ्या सिस्टर जीन वॉर्ड उबदार दिवसांत बाळांना अंगणात उन्हाला नेत. १९५६ मध्ये एका राउंडला त्यांनी जरा बिचकतच एक बाळ उघडे करून डॉक्टरांना दाखवले. अंगाचा पिवळेपणा उतरला होता, पण एक त्रिकोणी तुकडा तेवढा पिवळाजर्द राहिला होता. तिथे चादरीचे टोक आले होते! डॉक्टरांना आधी वाटले, काहीतरी फासले असेल. पण त्यांनी विषय सोडला नाही, आणि १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या उपचारावरचा निबंध आला. लेखकांत वॉर्ड यांचे नाव नव्हते.

याच्या उलट हंगेरियन डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस. व्हिएन्नातील प्रसूतिकक्षात १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि सूतिकाज्वराचे (बाळंतपणानंतर संसर्गाने येणाऱ्या तापाचे) मृत्यू झपाट्याने घटले. तरी वरिष्ठ बधले नाहीत. सेमेलवाइस यांचा सविस्तर ग्रंथ यायला १८६१ उजाडले. पुढे तर ते विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागले. शोध बिनचूक होता, माणसे जोडणे जमले नाही.

अमेरिकेत डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी, म्हणजे कॅथेटर) टाकताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली. हात धुणे, त्वचा निर्जंतुक करणे वगैरे. त्यात नवे असे काहीच नव्हते. नवे होते ते हे, की एखादी पायरी सुटली तर नर्सने डॉक्टरला तिथल्या तिथे थांबवायचे. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक आयसीयूंवरील २००६ च्या निबंधानुसार, अशा नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे मध्यक (मधोमध येणारे) प्रमाण, नळी असलेल्या दर १,००० दिवसांमागे, २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला.

प्रत्येक युक्ती भल्याचीच असते असे नाही. औषध देण्याआधी स्कॅन करायचा रुग्णाच्या मनगटपट्टीचा बारकोड वाचला जात नाही म्हणून त्याची जादा प्रत औषधांच्या ट्रॉलीला चिकटवून ठेवली, तर काम उरकते. पण चुकीच्या रुग्णाला औषध जाऊ नये म्हणून केलेली सोयच निकामी होते. हा जुगाड आळसातून येत नाही, हातातल्या कामाच्या रेट्यातून येतो. तो लपवला जातो की मीटिंगमध्ये बोलला जातो, हे बरेचसे इन्चार्ज सिस्टरवर असते. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील अभ्यासात चांगल्या नेतृत्वाच्या कक्षांत औषधांच्या चुका उलट जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्यांनी काढलेला अर्थ असा, की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, त्या सांगायची भीती कमी असावी.