ढाला, पहाडी की बॅरिटोन: झाडीपट्टीतल्या जाड आवाजाची पार्श्वभूमी

जाड आवाजाचा तरुण गायकनट पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर नाव काढू लागला की पहिला वाद अभिनयावर होत नाही, पट्टीवर होतो. (झाडीपट्टीतली पट्टी जंगलाची आणि भाताची, ही पट्टी पेटीची.) पदं काळी चारची (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर षड्ज) असतात, पोट्टा ती बऱ्याच खालच्या काळी एकमध्ये गातो, आणि जाणते म्हणतात, "पद उतरवलं." या एका क्रियापदात कमीपणा कसा शिरला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी शब्दांचा गुंता. अशा आवाजाला जाहिरातीत सर्रास "पहाडी" म्हणतात, आणि ते चूक आहे. पहाडी आवाज म्हणजे लांबवर पोचणारा, बुलंद, बहुतेक वेळा उंच: पोवाड्याचा, खडी गंमतीतल्या (विदर्भातल्या तमाशातल्या) शाहिराचा. "खर्जातला" हाही शब्द नीट बसत नाही. खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातलं गाणं. ते कुणीही आपापल्या पट्टीत करतो, खर्ज चांगला लागला म्हणून आवाजाची जात बदलत नाही. सगळ्यांत जवळचा शब्द "ढाला". तो आवाजाच्या नैसर्गिक बैठकीबद्दल बोलतो, पण त्यातही अडचण आहे, कारण मास्तर "ढाल्या स्वरात म्हण" असं सांगतात तेव्हा त्यांना फक्त खालची पट्टी हवी असते. बॅरिटोन या शब्दाला ही सूट नाही. साधारण ९८ ते ३९२ हर्ट्झ, म्हणजे पेटीवरच्या खालच्या पांढरी पाचपासून वर दोन सप्तकं, एवढा ज्याचा कामाचा पल्ला आहे आणि ज्याचा रंग या पल्ल्याच्या मधोमध खुलतो, तो बॅरिटोन. पल्ला ताणून टेनरला, म्हणजे उंच पुरुषी आवाजाला, खाली आणता येतं. रंग आणता येत नाही.

युरोपातही हे नाव उशिरा स्थिरावलं. मोझार्टच्या १७८६ आणि १७८७ च्या ऑपेरांतले नायक आज बॅरिटोन गातात, पण त्या काळी अशा आवाजांना बास, म्हणजे सगळ्यांत खालचा पुरुषी आवाज, असंच म्हणत. वेगळी जात ठळक झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरांमुळे: १८४२ चा नाबुक्को, १८५१ चा रिगोलेत्तो, १८५३ च्या 'ला त्राविआता'मधला बाप. व्हेर्दीने या आवाजाला पल्ल्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात तासभर गायला लावलं. आणि भूमिका दिल्या त्या बापाच्या, प्रतिस्पर्ध्याच्या, कपटी माणसाच्या. प्रेम करायचं ते टेनरने.

त्राविआतातल्या बापाचं प्रसिद्ध गाणं डी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी एक. त्यातला सर्वांत उंच सूर तार मध्यम, अंदाजे ३७० हर्ट्झ. काळी एकमध्ये तार मध्यमापर्यंत मोकळं आणि तार पंचमाला कसोटी, हेच ढाल्या आवाजाचं गणित आहे. आता तोच आवाज काळी चारवर नेऊन पाहा. षड्ज २०८ वर जातो, तार षड्ज ४१५ वर, म्हणजे जिथे पल्ला संपतो तिथे. तार गंधार ५२३. अंतऱ्यात तो तीनदा घ्यायचा असेल तर बॅरिटोन एकतर किंचाळतो, नाहीतर खोट्या आवाजात जातो.

मग काळी चार आली कुठून? ध्वनिक्षेपक नव्हते, त्या संगीत नाटकाच्या काळातून. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं, बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत, आणि ऑर्गनची पट्टी सगळ्यांसाठी एकच. उंच आवाज टिकला, बाकीचे खलनायक झाले. ऑपेरातला बॅरिटोन साठ-सत्तर वाद्यांवरून माईकशिवाय ऐकू येतो, त्यामागे एक युक्ती आहे: वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि शिकवलेला गळा २८०० ते ३२०० च्या पट्ट्यात जादा धार तयार करतो. शिवाय नाट्यगृहाच्या भिंती आवाज परत देतात. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, नाटकाला भिंत नाही, छत नाही. भोवती कनात आणि वर उघडं आभाळ. गेलेला आवाज गेलाच.

माईक आला तेव्हा ढाल्या आवाजाचे दिवस यायला हवे होते. आले नाहीत, कारण माईकच्या दुसऱ्या टोकाला भोंगा होता. लोखंडी भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही वाजवत नाही. पुरुषाच्या ढाल्या गाण्याचे मूळ सूर १०० ते ३०० मध्येच बसतात. कान ते सूर भरून काढतो, त्यामुळे चाल ओळखू येते. वजन मात्र जातं. स्टेजजवळ भरदार वाटणारा गळा बैलगाड्यांच्या रांगेपाशी नाकातून बोलल्यासारखा ऐकू यायचा. बॉक्स स्पीकर आले आणि हे फिरलं. माझ्या मते जाड आवाजाला नायक करण्यात नाटककारापेक्षा साउंडवाल्याचा वाटा मोठा आहे, पण मानपत्र त्याला कुणी देत नाही.

अर्थात बॉक्सबरोबर उलटा त्रास सुरू झाला. हातातला माईक ओठांना चिकटवला की खालचे सूर फुगतात आणि शब्द गुंगतात. चार बोटांचं अंतर, ८० हर्ट्झच्या खालचं कापलेलं, २०० ते ३०० मधलं थोडं उतरवलेलं, ३००० पाशी किंचित उचल: एवढ्याने बहुतेक जाड गळे स्वच्छ होतात. वरून टांगलेल्या माईकला हे लागू नाही. तिथे नटाला स्वतःच धार काढावी लागते. मिक्सरवरून आवाज (फेडर) वाढवला तर शिटी येते.

आता तो "उतरवण्याचा" वाद. विरोधकांचा मुद्दा पोकळ नाही. काळी चार ते काळी एक म्हणजे सात अर्ध्या सुरांची उतराई. ऑर्गनच्या चमकदार पट्ट्या मागे राहतात, वाद्य घोगरं होतं. ऑर्गनमास्तरांचा हात वर्षानुवर्षं ठरावीक बोटांवर बसलेला असतो आणि पायपेटीच्या ऑर्गनला बटण नसतं, सगळी बोटं नव्याने बसवावी लागतात. म्हणून कीबोर्डवाला पट्टी बदलायचं बटण, ट्रान्सपोज, उणे सातवर दाबतो आणि जुन्याच बोटांनी वाजवतो. इथेच घात होतो. पुढचं पद नायिकेचं, बटण शून्यावर आणायचं राहिलं. ती सुरुवातीचे सूर ऐकून खाली गायली तर आवाज बसतो, वरचा षड्ज धरला तर अंतऱ्यात किंकाळी. ऑर्गन आणि कीबोर्ड दोन्ही असतील तर पहिल्याच आवर्तनात दोन पट्ट्या भांडतात. उपाय कंटाळवाणा आहे: पदाच्या यादीवर प्रत्येक पदापुढे पट्टी लिहून ती यादी दोन्ही वादकांसमोर चिकटवायची.

तबल्याचा प्रश्न मानतात तेवढा मोठा नाही. काळी एकला लावलेला सव्वापाच-साडेपाच इंची तबला काळी चारच्या पदाला मध्यमात बसतो. पंचमाचे राग असतील तर मात्र तो कानाला टोचतो, मग मोठ्या तोंडाचा दुसरा तबला हवा.

युगुलगीतात दोघांना मधल्या काळी दोनवर आणायची प्रथा आहे. ती दोघांनाही मारते. त्यापेक्षा पट्टी नायिकेची काळी चारच ठेवावी आणि नायकाच्या ओळी मंद्र मध्यम ते मध्य धैवत या पल्ल्यात बसवाव्यात. चालीत दोन-तीन ठिकाणी सप्तक मोडावं लागतं, पण त्याला शेवटपर्यंत बॅरिटोनच राहता येतं. पद उतरवणं आणि गळ्याला बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीका करणारे पहिलीवर बोलतात आणि बडवतात दुसरीला.

नुकसान खरं तर आधीच झालेलं असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोट्ट्याचा आवाज फुटतो. तोवर तो दंडारीत (झाडीपट्टीतल्या लोकनाट्यात) किंवा भजनात काळी चारवर गात असतो, आणि फुटल्यावरही त्याला तिथेच ताणतात. त्या वर्षा-दीड वर्षात मधल्या पाच-सहा सुरांत, हळू, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं एवढंच गावं. ताणलेला गळा पुढे मंद्रातही हवा सोडतो. दुसरा शत्रू खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीने तोंडाचं आतलं कातडं आखडतं, जबडा पुरता उघडत नाही, आणि मोकळा आकार जातो तो परत येत नाही. तिसरा शत्रू हंगाम: भाऊबीजेच्या मंडईपासून होळीपर्यंत वडशाला (नाटक कंपन्यांच्या गावी) ठरलेल्या तारखांवर रात्र-रात्र प्रयोग, पुसा-माघाची थंडी, रात्री दहाला पहिलं पद आणि पहाटे चारला शेवटचं. जागरणाने सुजलेला गळा आपोआप खाली बसतो. म्हणून शेवटच्या अंकातलं पद तालमीतच अर्धा सूर खाली धरून ठेवावं. ऐनवेळी उतरवलं तर वादक अडखळतात.

या आवाजाची बढती उशिरा होते, हे दोन्हीकडे सारखं. ऑपेरात विशीतला बॅरिटोन मोझार्ट आणि छोट्या भूमिका गातो, व्हेर्दीच्या वजनदार भूमिका तिशी ओलांडल्यावर घेतो. आधी घेतल्या तर वरचे सूर डगमगायला लागतात. कार्डिफला १९८३ पासून भरत आलेल्या गायनस्पर्धेत १९८९ साली मुख्य मान सायबेरियातल्या एका बॅरिटोनला मिळाला आणि गीतगायनाचा वेल्समधल्या शेतकऱ्याच्या मुलाला, तोही बास-बॅरिटोन. दोघंही तेव्हा विशीतलेच होते, पण मोठ्या भूमिकांचा क्रम त्यांनाही पाळावा लागला. झाडीपट्टीत हा क्रम उलटा लागतो. बाविसाव्या वर्षी जाड आवाज ऐकला की मिशा पांढऱ्या करून त्याला पाटील किंवा नायिकेचा बाप करतात. नायकाचं पद मिळेपर्यंत तो तिशीला येतो, आणि तोवर दरवर्षी शंभरेक रात्री बापाच्या खाकरण्याने आणि खलनायकाच्या गडगडाटी हसण्याने गळा घासून झालेला असतो.