बातम्यांचा क्रम आणि लोकांचा क्रम

ठाणे स्थानकाबाहेर पहाटे विक्रेते गठ्ठे सोडून मुख्य अंकात स्थानिक पुरवणी सरकवत बसलेले असतात, तेव्हाच शहरात दिवसभर कशाची चर्चा होणार, याचा निम्मा निकाल लागलेला असतो. हा अनुभव जुना असला तरी त्याची मोजदाद फार उशिरा झाली.

माणूस प्रत्यक्ष जगापेक्षा मनातल्या जगाच्या चित्रावरून वागतो आणि ते चित्र मोठ्या प्रमाणात बातम्यांतून तयार होते, असे अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली मांडले. १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल या गावच्या, मत कोणाला द्यायचे हे न ठरलेल्या १०० मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, हे विचारले आणि त्यांच्या उत्तरांचा क्रम तेथील वृत्तपत्रे, साप्ताहिके व दूरचित्रवाणीने त्या प्रश्नांना दिलेल्या जागेशी ताडून पाहिला. दोन्ही क्रम जवळजवळ तंतोतंत जुळले. हे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. मात्र क्रम जुळले म्हणून कोणी कोणाला वळवले हे सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच होता. पुढे शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी बातमीपत्रांत मुद्दाम फेरफार करून ती प्रेक्षकांना दाखवली, तेव्हा कार्यकारणाची बाजू बरीच भक्कम झाली.

या प्रभावाला मर्यादाही आहे. घोडबंदर रस्त्यावर रोज कोंडीत अडकणाऱ्याला कोंडी महत्त्वाची आहे, हे वृत्तपत्राने सांगावे लागत नाही. तसेच नवी मुंबईसाठी १९७० पासून सुरू झालेल्या भूसंपादनाचे दुःख उरण-पनवेलच्या शेतकऱ्याला छापील शब्दांतून कळले नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनींच्या प्रश्नावर शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला, त्याची वार्ता दूरच्या वाचकापर्यंत मात्र बातमीतूनच पोहोचणार होती.

नंतरच्या अभ्यासकांनी आणखी एक पायरी दाखवली: प्रश्न कोणता, इतकेच नव्हे, तर त्याची कोणती बाजू पुढे यावी, हेही बातमीच ठरवते. जून २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्र बेलापूरला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भवनावर धडकले, तेव्हा नावाच्या मागणीला मथळे मिळाले. त्याच गावांतील गरजेपोटी परवानगीविना बांधलेल्या घरांचा प्रश्न, माझ्या मते, आतल्या पानावरच राहिला.